तपकिरी म्हणजे पॉझिटिव्ह

"तपकिरी आहे. पॉझिटिव्ह. पुढची द्या."

टेंबेसरांनी काच खिडकीच्या उजेडाला धरली होती. कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान तिरकी करून त्यांनी ती बघितली आणि माझ्या हातात परत दिली. सगळा कारभार चहाचा एक घोट गिळेपर्यंत उरकला. ती काच रशिदा सतारमेकर नावाच्या बाईच्या स्तनातल्या गाठीची होती.

"सर, ही एकदा मायक्रोस्कोपखाली बघितली असती तर..."

"कोष्टी, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी काचा बघतोय."

"हो सर. पण रंग कडेला नाहीये. सगळा आत आहे."

"रंग आहे ना? मग झालं. हर-टू पॉझिटिव्ह, थ्री प्लस. लिही."

मी लिहिलं नाही. सरांनी शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरला लिहायला सांगितलं, त्यानं मान खाली घालून लिहिलं, आणि सरांनी त्याखाली आपली लफ्फेदार सही ठोकली. निम्मी सही रेघेवर, निम्मी शिक्क्यावर. मोठ्या माणसांना रेघा लागत नाहीत, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

ही मिरजेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलातली गोष्ट आहे. वीसेक वर्षं झाली. मी पॅथॉलॉजी विभागात पाच वर्षांपूर्वी लागलेली अधिव्याख्याती होते आणि डॉक्टर त्र्यंबक टेंबे विभागप्रमुख होते. आमचं काम म्हणजे शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीची कागदाहून पातळ चकती काचेवर लावायची, ती रंगवायची आणि आतलं बघून सांगायचं. माणूस आम्हांला दिसत नाही, त्याची काच दिसते. त्यामुळे आमच्यातल्या पुष्कळांना माणूस असतो हेच हळूहळू विसरायला होतं. टेंबेसर ते फार पूर्वीच विसरले होते, असं माझं ठाम मत होतं.

हे कडेचं आणि आतलं प्रकरण काय, ते सांगते. उकडलेलं अंडं मधोमध कापलेलं डोळ्यांपुढे आणा. पेशी साधारण तशी असते. मधला पिवळा बलक, भोवतीचं पांढरं आणि सगळ्यांत बाहेर कवच. गाठ वाढवणारी प्रथिनं या अंड्यात आपापल्या जागी बसलेली असतात. कुणाची जागा बलकात, कुणाची कवचावर. हर-टू हे त्यांतलंच एक, त्याची जागा कवचावर. आम्ही असा रंग घालतो की प्रथिन जिथे असेल तिथे तपकिरी व्हावं. तपकिरी रंग पेशीच्या कडेनं गोल आणि गडद फिरला असेल तर हर-टू खरंच तिथे आहे, त्याला आम्ही थ्री प्लस म्हणतो, आणि मग त्याच्यावरचं इंजेक्शन लागू पडतं, कारण ते बाहेरून येतं आणि कवचावर जे आहे त्यालाच धरतं. रंग मधल्या पांढऱ्यात माखलेला असेल तर त्याला काही अर्थ नाही. कपड्यावर पडलेल्या चहाच्या डागाइतकाच त्याचा अर्थ. हे पहिल्या वर्षाच्या मुलाला येतं. न आलं तर आम्ही त्याला परीक्षेत आडवं करतो.

टेंबेसरांनीच कित्येकांना आडवं केलं होतं.

पण गेल्या दोन वर्षांत सरांचा थाट वेगळाच झाला होता. आपल्या खोलीतला मायक्रोस्कोप त्यांनी उचलायला लावला आणि त्या जागी शिसवी गणपती बसवला. रिपोर्ट स्वतः वाचायचे नाहीत, शिकाऊ मुलं समोर उभी राहून वाचून दाखवायची आणि सर डोळे मिटून पेशव्यासारखे ऐकायचे. वर्गात जुनी पारदर्शिका लावून पाठ केलेलं बोलायचे. मध्येच कुणी नवी काच दाखवली की म्हणायचे, "हे तुम्ही सांगा. मी किती दिवस भरवू तुम्हांला?" पोरं कौतुकानं हसायची. रस्त्यात समोरून गेलं तरी सर ओळख द्यायचे नाहीत. आपण "नमस्कार सर" म्हटलं की मग, "अरे, कोण, कोष्टी का?" एकदा बढती मिळाल्याबद्दल त्यांनी विभागातल्या कुलकर्ण्याऐवजी मोमीनची पाठ थोपटली. बिचाऱ्या मोमीनला बढती तर मिळाली नव्हतीच, वर दिवसभर सगळ्यांनी पेढे मागितले. वर बसलेल्याला खालची सगळी तोंडं सारखीच दिसतात, असं मी डब्याच्या वेळी म्हणायचे आणि माझ्या टेबलावर हशा पिकायचा.

तर ती सोमवारची काच. दुपारी ती बाई स्वतःच प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. हिरवी साडी, डोक्यावर पदर, चार पायऱ्या चढून आल्यानं छाती भात्यासारखी हलत होती.

"म्याडम, शिपाई वर सोडंना. मी म्हनलं, माझीच गाठ हाय वर, मला का सोडंना?"

मला हसू आलं. मी तिला खुर्ची दिली. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतली ती, नवरा वारलेला, दिराच्या कारखान्यात सतारींना पॉलिश करायची. लहानपणीच्या तापात हृदयाची एक झडप खराब झाली होती. दोन उशा घेतल्याशिवाय रात्री आडवं होता येत नव्हतं.

"चौगुले डॉक्टर म्हनत्यात, गुरवारी सुई सुरू करू. वर्षभर घ्यायाची. पन ती सुई हृदयाला जड हाय म्हनत्यात. तुमचं कमकुवत हाय, काय बी हुईल म्हनत्यात. मग मी म्हनलं, घ्यायाची कशाला? तर म्हनले, वरून रिपोर्ट आलाय." तिनं दम घेतला. "मला तेवढंच सांगा. घेऊ का नको?"

"तुम्हांला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? सुई घेतली नाय तर गाठ मारंल, घेतली तर सुई मारंल. धाकटी पोरगी धावीला हाय. तिचं शाळेचं तरी बघून जावं म्हनते."

मी तिला अंड्याचं उदाहरण दिलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "म्हंजे सतारीची तार वर घोडीवर हाय का आत भोपळ्यात पडलीया, ह्येच बघायचं ना? भोपळ्यात पडलेल्या तारेला कोन वाजवनार?"

"अगदी तेच."

"मग माझी कुठं हाय?"

माझ्या जिभेवर उत्तर होतं, पण कागदावर सही दुसऱ्याची होती. मी म्हटलं, "बुधवारी संध्याकाळपर्यंत सांगते."

त्याच संध्याकाळी मी डॉक्टर चौगुल्यांकडे गेले. कर्करोगाची औषधं देणारे ते. माणूस सज्जन. पण सज्जन माणसं हा एक वेगळाच वैताग असतो. ते वाईट काही करत नाहीत आणि वाईट थांबवतही नाहीत.

"कोष्टी, हे बघा," ते म्हणाले, "थ्री प्लस असेल तर इंजेक्शन न देणं म्हणजे रोगाला परत यायचं आमंत्रण देणं. तेव्हा हृदयाचा धोका पत्करून मी देणार. थ्री प्लस नसेल, तर त्या हृदयाला ते इंजेक्शन देणं म्हणजे हातानं मारणं. मला नुसती खात्री पाहिजे."

"मी सांगतेय ना, सर. कड कोरी आहे."

"तुम्ही सांगताय. सही कुणाची आहे?"

"टेंबेसरांची."

"मग त्यांच्याकडून बदलून आणा."

"मुंबईला पाठवू या का काच? दुसरं मत घेऊ."

"पाठवा की. तीन आठवडे लागतील. तोपर्यंत थांबायचं तर विभागप्रमुखांची चिठ्ठी लागेल."

म्हणजे टेंबेसर चुकले आहेत हे तपासायला टेंबेसरांची चिठ्ठी. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते कानकोंडे झाले आणि टेबलावरचा पेपरवेट फिरवू लागले.

मंगळवारी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले. शिसवी गणपतीपुढे उदबत्ती जळत होती. एक शिकाऊ मुलगी सरांना वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचून दाखवत होती. अग्रलेख! मी तिला बाहेर जायला सांगितलं.

"सर, सतारमेकरची काच. तुम्ही दोन मिनिटं माझ्या टेबलाशी या. मी नजरेसमोर लावून देते. तुम्ही नुसतं बघा."

"पुन्हा तेच?"

"गुरुवारी तिला इंजेक्शन आहे, सर. तिचं हृदय..."

"हृदय हे चौगुल्यांचं खातं."

"रंगाची जागा हे आपलं खातं आहे. तुम्हीच आम्हांला शिकवलंत, हर-टू कडेला."

सर खुर्चीत मागे रेलले. तोंड माझ्याकडे होतं, नजर माझ्या कानाशेजारून भिंतीवर गेली होती. माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघण्याचेही कष्ट हा माणूस घेत नाही, या विचारानं माझं डोकं तापलं.

"पुस्तकातलं पुस्तकात," ते म्हणाले. "अनुभवी डोळ्याला एकदा बघून कळतं. तुझे वडील इचलकरंजीला मागावर आहेत ना? ते काय ताग्यातला एकेक धागा मोजत बसतात?"

"मोजत नाहीत. पण धागा तुटलेला दिसला तर माग थांबवतात. आणि दिसला नाही तर मालक त्यांना घरी बसवतो."

माझं तोंड असं आहे. आई म्हणायची, ही बया सासरी नांदायची नाही, आणि नांदलेही नाही. सर हलक्या आवाजात म्हणाले, "जा तू. रिपोर्ट गेलेला आहे. गेलेला रिपोर्ट हा विभाग परत बोलावत नाही." मी दार आपटून बाहेर आले. नाकानं कांदे सोलणारा मेला, असं मी मोठ्यानं म्हटलं आणि ते बाहेर बसलेल्या शिपायानं ऐकलं. मला काही वाटलं नाही.

बुधवारी दुपारी जेवणानंतर माझ्या टेबलाशी खुद्द टेंबेसर आले. पाच वर्षांत ते माझ्या खोलीत आले नव्हते. दाराची चौकट हातानं चाचपून ते आत आले, दार लावून घेतलं, आणि खिशातून रुमालात गुंडाळलेली काच काढली. काचेवरचं नाव ब्लेडनं खरवडलेलं होतं.

"ही जरा बघ," ते म्हणाले.

"कुणाची आहे?"

"बाहेरची केस आहे. मित्राची. हर-टूच आहे. घाई करू नकोस. आधी छोट्या पॉवरवर सगळी फिरून घे, मग मोठ्या पॉवरवर जा. रंग कडेला आहे की आत सांडलाय, ते बघ. कडेला असेल तर सगळ्या बाजूंनी आहे की तुटक, तेही बघ. मला नीट हवंय."

हेच ते. कालपर्यंत ज्यांना रंग आहे एवढंच पुरत होतं, त्यांना आज कड हवी होती, तीही सगळ्या बाजूंनी.

टेंबेकाकूंचं गेल्या महिन्यात पुण्याला ऑपरेशन झालं होतं. पित्ताशयाचं, असं सर सगळ्यांना सांगत. शिपायापासून डीनपर्यंत कुणाचाही त्यावर विश्वास नव्हता, कारण पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर कुणी डोक्याला स्कार्फ बांधून देवळात जात नाही. ही काच कुणाची ते मला लगेच कळलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे इतकं उघडंवाघडं मी तोपर्यंत बघितलं नव्हतं. माझ्या अंगाची आग झाली.

मी उठले. काच घेऊन खिडकीशी गेले. ती उजेडाला धरली, मान तिरकी केली, आणि म्हटलं:

"तपकिरी आहे, सर. पॉझिटिव्ह. पुढची द्या."

"काय करतेस तू?"

"वाचतेय. हर-टू थ्री प्लस. उद्यापासून इंजेक्शन चालू करायला सांगा मित्राला."

"चेष्टा करू नकोस, कोष्टी. मायक्रोस्कोपखाली लाव."

"कशाला? अनुभवी डोळ्याला एकदा बघून कळतं."

"अगं, असं नाही कळत!" सरांचा आवाज फाटला. "बाहेरून काय कळणार तुला? आत सांडलेला रंग काचेवर तसाच दिसतो! कड बघ! कड कोरी असेल तर ते शून्य आहे, शून्य! ते विष उगाच देणार का मी तिला? हृदयावर जातं ते!"

माझ्या खोलीचं दार उघडलेलं होतं. चौगुले तिथे उभे होते. संध्याकाळच्या आत औषध-विभागाकडे इंजेक्शन मागवायचं होतं म्हणून ते सतारमेकरच्या रिपोर्टचं काय झालं ते विचारायला वर आले होते. ते किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. पण त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं ऐकलं होतं हे दिसत होतं. सरांना मात्र ते दिसले नाहीत. सर अजून माझ्याकडे तोंड करून उभे होते.

"सर," चौगुले म्हणाले, "मग सतारमेकरची काच कशी बघितली होती?"

सर दचकले. ज्या बाजूनं आवाज आला तिकडे वळले. "कोण? चौगुले?"

"हो. तिची कड बघितली होती का?"

सतारमेकरची काच माझ्या टेबलावरच होती, सोमवारपासून मी ती हलवली नव्हती. मी ती मायक्रोस्कोपवर चढवली, मोठं भिंग फिरवून आणलं आणि खुर्ची सरकवून दिली.

"बसा, सर," मी म्हटलं. "आता बघा. चौगुलेसरांसमोर. दोन वर्षांत तुम्ही एकदाही मला बघून दाखवलं नाहीत. आज दाखवा."

मला त्या क्षणी फार बरं वाटत होतं, हे मी लपवत नाही. सर खुर्चीवर बसले. डोळे भिंगाला लावले. हात बाजूच्या चाकावर ठेवून त्यांनी ते फिरवलं. मग आणखी फिरवलं. चाक उलट फिरतंय हे मला दिसलं, मोठं भिंग खाली काचेकडे चाललं होतं. पहिल्या वर्षाची मुलं ही चूक करतात, एकदाच करतात, आणि आयुष्यभर लक्षात ठेवतात. मी "सर!" म्हणेपर्यंत कट्‌ असा बारीकसा आवाज झाला. काच मधोमध तडकली होती.

सरांनी मान वर केली नाही. डोळे तसेच भिंगाला लावून ते म्हणाले, "काही फुटलं का?"

"काच फुटली, सर."

"ठोकळा आहे ना? दुसरी काढता येईल."

"आहे." गाठीचा मेणातला ठोकळा कपाटात होता. त्याची चिंता नव्हती.

चौगुले जवळ आले. त्यांनी खाली वाकून सरांच्या तोंडाकडे बघितलं आणि डॉक्टर एकमेकांशी बोलतात त्या कोरड्या आवाजात विचारलं, "किती दिवस झाले?"

"दोन वर्षं," सर म्हणाले. "मधोमध डाग आहे. दोन्ही डोळ्यांत. कडेकडेनं दिसतं, चालता येतं. जे बघायला जावं तेच नेमकं दिसत नाही. रंग कळतो. जागा कळत नाही." मग म्हणाले, "पुण्यात दाखवलं. उपाय नाही म्हणाले."

मला कीव आली का, असं ही गोष्ट ऐकणारे विचारतात. नाही आली. मी प्रयत्न करून पाहिला, तरी आली नाही. डोळे जाणं कुणाच्या हातात नसतं. दिसत नसताना दिसतंय म्हणून सही ठोकणं हातात असतं. त्या पेशवाई थाटामागे, त्या शिसवी गणपतीमागे, त्या तिरक्या मानेमागे नुसती भीती दडलेली होती. खुर्ची जाईल ही भीती. मला दोन वर्षं वाटत होतं की हा माणूस माजलेला आहे. माजलेला असता तर बरं झालं असतं. माजलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

"तू बघितली होतीस ना सतारमेकरची?" सरांनी मला विचारलं.

"हो."

"काय आहे?"

"सगळं आत सांडलेलं. एकाही पेशीची कड रंगलेली नाही."

"मग शून्य लिही."

मी नवा रिपोर्ट लिहिला. मी सही केली. चौगुले अजून अडून होते. म्हणाले, जुना रिपोर्ट रद्द करायला प्रमुखांची सही लागेल. नियम होता. खोलीत आम्ही तिघंच, आणि त्यातल्या एकाला दिसत नाही हे आता तिघांनाही माहीत, तरी नियमाला सही पाहिजे. मी कागद सरांपुढे सरकवला आणि पेन दिलं.

सर पेन घेऊन कागदावर वाकले. पेन हवेतच राहिलं.

"कुठे करू?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं. त्यांनी सही केली. पुसटशी, शाळेतल्या मुलासारखी सरळ. लफ्फा नव्हता.

चौगुले कागद घेऊन गेले. सर खुर्चीतून हलले नाहीत. मीच मग ती खरवडलेली काच मायक्रोस्कोपवर ठेवली. त्यांनी सांगितलं होतं तशी, आधी छोट्या पॉवरवर सगळी फिरून, मग मोठ्या पॉवरवर. पेशी न पेशी कडेनं तपकिरी पेन्सिलीनं गिरवल्यासारखी दिसत होती. आत काही सांडलेलं नव्हतं. मी तीन ठिकाणी बघितलं, पुन्हा एकदा बघितलं.

"कडेला आहे, सर. सगळ्या बाजूंनी. खरी थ्री प्लस."

"म्हणजे इंजेक्शन द्यायचं."

"द्यायचं. हृदय चांगलं असेल तर."

"हृदय चांगलं आहे तिचं," सर म्हणाले. मग रुमाल चाचपत राहिले. रुमाल त्यांच्या मांडीवरच होता. मी तो उचलून त्यांच्या हातात दिला.

महिन्याभरात प्रकृतीच्या कारणावरून ते सेवेतून मोकळे झाले. निरोप-समारंभ थाटात झाला. शाल, नारळ, चांदीचं ताम्हण. डीननी भाषणात सरांना तीन वेळा द्रष्टे म्हटलं आणि चौगुल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. कारण कुणी कुणाला सांगितलं नाही. हॉस्पिटलाची अब्रू म्हणतात ती हीच असावी.

पण ते पुढचं झालं. त्या बुधवारी, रिपोर्ट गेल्यावर, मी खाली गेले. रशिदाबाई बाह्यरुग्ण विभागाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. धाकटी पोरगी शेजारी गणिताचं पुस्तक उघडून बसली होती.

"सुई नाही घ्यायची," मी म्हटलं. "तुम्हांला तिचा उपयोगच नाही. गोळ्या चालू ठेवायच्या, तपासायला येत राहायचं. हृदयाला धक्का नाही."

"तार भोपळ्यात हुती?"

"भोपळ्यात होती."

तिनं पदर तोंडाला लावला. पोरगीनं पुस्तक मिटलं. मग रशिदाबाईंनी डोळे पुसले आणि माझा हात धरला. पॉलिशनं काळी पडलेली नखं, घट्ट पकड. मला वाटलं आता आशीर्वाद देईल, पाया पडेल, तसलं काही झालं तर काय करायचं म्हणून मी अवघडून उभी होते. अंगात अजून वरच्या खोलीतला विजय होता.

"मग आधी सुई घ्या कशी काय म्हनले?"

"आधी बघताना चूक झाली."

"कुनाची?"

"बघणाऱ्याची."

तिनं हात सोडला नाही.

"माझ्या शेजारच्या खाटंवर शिरोळची येक बाई हुती, म्याडम," ती म्हणाली. "लक्ष्मी. दिवाळीपासनं तिला हीच सुई चालू हाय. आता तिला जिना चढवंना, पाय सुजल्यात, दम लागतोय. चौगुले डॉक्टर म्हनत्यात, औषदाचं हाय, सोसावं लागतंय." तिनं माझ्याकडे बघितलं. "तिची काच कुनी बघितली हुती?"

मी हात सोडवून घेतला आणि जिना चढून वर गेले. सर अजून माझ्या खोलीत तसेच बसले होते. मी त्यांच्याशी बोलले नाही. दोन वर्षांच्या काचांचं कपाट उघडलं आणि पहिला खण बाहेर ओढला.